सातवं कलम

६ ऑगस्ट २०२५
गंगापूर रोड, नाशिक

पुंजा,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. नजरचुकीने राहिलं असं समजू नकोस.

तुझा निरोप किशोरने फोनवर सांगितला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोराच्या तोंडून धमक्या द्याव्यात, ही तुझी प्रगती. म्हणे, ‘दिवाळीच्या आत लिहून दे, नाहीतर उंबरबेटावर पाय ठेवू नको.’ उंबरबेट तुझ्या बापाचं आहे का? बरं, आहे असं धरू. मग माझ्याही बापाचं आहे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या टेकडीला कोणी विचारत नव्हतं. तुमचा पाडा उत्तरेच्या उतारावर चढला, आमची पेठ आणि आमचा महादेव दक्षिणेच्या. चारी बाजूंनी पाणी लागलं आणि बाजाराच्या दिवसापुरती ओळख असलेले आपण शेजारी झालो. यात तुझं कर्तृत्व कुठे आलं?

तू काय लिहून मागतोस ते मी इथे स्वच्छ मांडतो, म्हणजे चिंतामण गायधनीने विषय टाळला असं म्हणायला जागा नको. तुझं म्हणणं असं, की जूनमध्ये नगरपंचायतीचा पर्यटकांच्या बोटतळाचा ठराव मी तुमच्या पाड्यावर तुमच्या आदिवासी बोलीत, कोकणीत, वाचला तेव्हा आठ कलमांपैकी सातवं गाळलं. सातव्या कलमात उत्तर उतारावरचे तुमच्या पूर्वजांच्या नावाने मांडलेले दगड, तुमचे चिरे, हलवायचे आणि ती जागा बोटतळाला द्यायची, असं होतं. वाचन अपुरं झालं असं मी सहीनिशी दिलं की ठराव पडतो आणि दगड जागेवर राहतात. नाही दिलं, तर दिवाळीनंतर काम सुरू. हेच ना?

तर ऐक. मी काहीही गाळलेलं नाही.

आणि मला नियम शिकवू नकोस. तो नियम झाला त्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभा होतो. धरणाच्या वर्षी उठण्याची नोटीस बाजारात मराठीत वाचली गेली, आमच्या लोकांनी ऐकली, गाडे भरले आणि निघाले. तुमच्या पाड्याला तारीख कोणी सांगितलीच नाही. पाणी आलं तेव्हा तुझे वडील छातीभर पाण्यातून चिरे वर आणत होते. त्यानंतर महादेवाच्या पायरीवर बसून तुझ्या वडिलांनी आणि माझ्या अण्णांनी ठरवलं, की इथून पुढे गावाचा कुठलाही शब्द उलट्या तोंडाने सांगायचा. पेठेतल्या माणसाने पाड्यावर जाऊन कोकणीत, पाड्यावरच्या माणसाने पेठेत येऊन मराठीत. वाईट गोष्ट असेल तर ती ज्याच्यावर येणार त्याच्या तोंडाकडे बघून, त्याच्या बोलीत. वाचायच्या आधी समोरच्याच्या घरचं पाणी प्यायचं. पहिली दोन तोंडं तुझी आणि माझी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा हाच नियम आपण उपविधीत घालून घेतला. सेहेचाळीस वर्षं मी झुंबरवहिनींच्या हातचं पाणी पिऊन तुमच्या अंगणात वाचलं. लसीकरण वाचलं, पाणीपट्टी वाचली, होडी बुडाली त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचली. तेव्हा कोणाला माझं तोंड खुपलं नाही.

आणि तू काय केलंस? भर सभेत पायरीवर उभा राहून म्हणालास, “ये तोंड आता आमना नीही.” सगळी पेठ ऐकत होती. मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या होडीने निघालो. पळून गेलो असं सांगत फिरतोस म्हणे. मी माझ्या मुलाकडे आलो आहे. सहाव्या मजल्यावर. इथे लिफ्ट आहे.

जाता जाता आणखी एक. अण्णा गेले त्या वर्षी तू मला न विचारता तुमच्या चिऱ्यांत त्यांच्या नावाचा दगड मांडलास. आमच्यात दगड मांडत नाहीत. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू हसला होतास.

चिंतामण गायधनी


२५ ऑगस्ट २०२५

पुंजा,

तुझं उत्तर पोचलं. माझंच पत्र, कात्रीने मधोमध आडवं कापलेलं. वरचा अर्धा भाग पाकिटात, खालचा गायब. विनोद कळला. मी अर्धं वाचलं म्हणून तू अर्धं परत केलंस. झुंबरवहिनींची कात्री असणार, कडा वेडीवाकडी आहे.

किशोर रविवारी येऊन गेला. आश्रमशाळेत मास्तर झाल्यापासून पोरगा बोलायला शिकला आहे. तुझ्या सुधावहिनीने त्याला पोहे दिले, तो खाईना. ती म्हणाली, “अरे खा, भांडण त्यांचं आहे, पोह्यांचं नाही.” मग खाल्ले.

मला म्हणाला, “काका, मी कोर्टात जात नाही, पेपरात देत नाही. तुम्ही फक्त खरं लिहा. पाड्यावर सगळे विचारतात, काका असं करतीलच कसे म्हणून. बाबा काही बोलत नाहीत. नुसते उतारावर जाऊन बसतात.”

मी त्याला सांगितलं ते तुलाही सांगतो. त्या दिवशी हवा दमट होती. ठरावाची पानं एकमेकांना चिकटली होती. दोन पानं एकदम उलटली गेली असतील तर त्यात माझा काय दोष? शिवाय चष्म्याचा नंबर वाढला आहे. मी मुद्दाम काही केलेलं नाही.

किशोरने ठरावाची प्रत पिशवीतून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. सहावं, सातवं आणि आठवं कलम एकाच पानावर आहे. सुधा बशा उचलायला आली तेव्हा तिनेही ते पान पाहिलं.

तू असतास तर ही वेळ आली नसती, हे मात्र मी म्हणणारच. मराठीतलं वाचन तुझं होतं. तू तेव्हा इथे नाशिकला डोळ्याला पट्टी लावून पडला होतास. “माझ्या वाटचं तूच वाच,” असं तूच मला दवाखान्यात म्हणालास. मी पेठेत आठही कलमं वाचली, मराठीत, खणखणीत. त्यांना काय, त्यांचे दगड थोडेच तिथे आहेत. त्यांनी माना डोलावल्या. मग पाड्यावर गेलो. एका माणसाने दोन्ही तोंडं व्हायचं नसतं, हे मला कळत होतं. तुला कळत नव्हतं?

आणि माझ्या पोराचं, अथर्वचं नाव काढू नकोस. बोटतळ ज्यांना मिळणार त्या बोटींच्या कंपनीत तो भागीदार आहे हे मी कोणापासून लपवलेलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

चिं. गायधनी


१८ सप्टेंबर २०२५

पुंजा,

आज अण्णांची तिथी. सकाळी रामकुंडावर गेलो. ज्या गुरुजींनी पिंड मांडले ते माझ्या पुतण्याच्या वयाचे. त्यांनी विचारलं, “गोत्र सांगा, गाव सांगा.” गोत्र सांगितलं. गाव सांगताना उंबरबेट म्हणालो, तर म्हणाले, “ते कुठे आलं, काका?” सुरगाण्याच्या पुढे, जीप जिथे थांबते तिथून होडीने, असं सांगेपर्यंत त्यांचा मंत्र पुढे गेला होता.

घरी आलो आणि वहिनींचा फोन आला. त्यांनी आजवर मला कधी फोन केलेला नाही. राम राम नाही, काही नाही.

“चिंतूभाऊ, मोजणीवाला येल होतात. तुना बापना दगडवर बी चुना मारेल आहा.”

मी विचारलं, चुना कशाला.

“काढाना दगडला चुना मारतात. आज त्याची तिथी ना? मी भात ठेवनू. चुना पुसाय नीही, पाण्यानी बी जाय नीही.” मग म्हणाल्या, “तू येस का नीही, येवढाच सांग.” मी काही सांगायच्या आत फोन ठेवला.

म्हणजे दर वर्षी तिथीला वहिनी तिथे भात ठेवतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी इकडे महादेवाच्या देवळात शास्त्राप्रमाणे सगळं करत होतो आणि तिकडे तुमच्या उतारावर माझ्या बापाचं वेगळंच चाललं होतं. मला राग आला. अजूनही आहे. माझा बाप तुम्ही वाटून घेतलात आणि मला विचारलंही नाही.

आता लिहितो ते नीट वाच.

पान चिकटलं नव्हतं. चष्माही ठीक होता. वहिनींनी तांब्या दिला, मी पाणी प्यायलो आणि वाचायला लागलो. पहिली सहा कलमं बोटींची, तिकिटांची, स्वच्छतागृहांची. बायका हसत होत्या, स्वच्छतागृहाला कोकणीत मी काहीतरी लांबलचक म्हणालो म्हणून. मग डोळे सातव्यावर गेले. वर पाहिलं तर वहिनी पहिल्या रांगेत, नात मांडीवर. पंचेचाळीस-पन्नास घरची माणसं आणि प्रत्येकाचं कोणीतरी त्या उतारावर. शब्द तोंडात तयार होता. लहानपणी बाजाराच्या दिवशी तुमच्याच पोरांत खेळून शिकलेली बोली आहे ती, मला शोधावी लागत नाही. मी तोंड उघडलं आणि आठवं कलम वाचलं.

धैर्य झालं नाही. बस, एवढंच. जे सांगण्यासाठी तो नियम केला होता तेच माझ्याच्याने सांगवलं नाही.

पण यावरून मी तुला काही लिहून देणार आहे असं समजू नकोस. हे पत्र तुझ्यासाठी आहे, नगरपंचायतीसाठी नाही. त्यावर सही करत नाही.


९ ऑक्टोबर २०२५

पुंजा,

मागचं पत्र परत आलं नाही. कापूनही नाही, अख्खंही नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. ठेवून घेतलंस वाटतं. बिनसहीचा कागद काय करणार आहेस, चुलीत घाल.

इथे घरात तुझ्यामुळे कोणी कोणाशी धड बोलत नाही. अथर्वला मी सांगितलं, की मी वाचलं नव्हतं. तो म्हणाला, “बाबा, मला माहीत आहे.” मी म्हणालो, तुला कसं माहीत? म्हणाला, “वाचलं असतंत तर त्याच दिवशी पाड्यावर बोंब झाली असती. कोणी काही बोललं नाही, म्हणून आम्ही पुढे गेलो.”

माझ्या भित्रेपणावर त्याने सगळं गणित बसवलं होतं. आणि मी त्याला भाबडा समजत होतो.

मग त्याने मला माहितीपत्रक दाखवलं. गुळगुळीत कागद. वर मोठ्या अक्षरात ‘दोन भाषांचं बेट’. आणि खाली फोटो, पुंजा, तुझा आणि माझा. तुझ्या अंगणात, मी तुझ्या तांब्यातलं पाणी पितो आहे. कोणी काढला देव जाणे. तू त्यात पोट आत ओढून उभा आहेस. खाली लिहिलं आहे, की इथे आजही प्रत्येक निर्णय दोन्ही भाषांत वाचला जातो.

अथर्व म्हणाला, “लोकांना हेच आवडतं. अहो, आम्ही ते दगड फेकणार नाही. क्रेनने उचलून वर छान चौथऱ्यावर मांडू. प्रत्येकाला पाटी लावू, मराठीत आणि कोकणीत. आजोबांनाही लावू.”

मी म्हणालो, “ते लोक तिथे पाणी बघत बसलेत. त्यांचं गाव त्या पाण्याखाली आहे. म्हणून त्या उतारावर मांडलेत.”

“तुम्हाला हे जूनमध्ये सुचायला हवं होतं,” तो म्हणाला. खरं आहे.

नोकरी सोडून तो यात पडला आहे. ठराव पडला तर बोटतळ जातो आणि भागीदार त्याला दारात उभं करणार नाहीत. तू म्हणशील, माझ्या बापाचं काय जातं त्यात. पण तो माझा मुलगा आहे. आणि हेही खरं, की पुराच्या रात्री होड्या बंद असताना तुझ्या झुंबरने त्याला जगात आणलं. त्याची नाळ तुझ्याच उतारावर पुरली आहे. हे त्याला मी सांगितलं. त्याने फोन उचलला आणि गॅलरीत गेला.

काल सुधा भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुम्ही लिहून द्या. अथर्व पडला तर उठेल, त्याचं वय आहे. तुम्ही उठणार नाही.” मी म्हणालो, तुला राजकारण कळत नाही. ती म्हणाली, “तारीख कोणी दिली होती हो सभेची?”

मी उठून आत गेलो. पुंजा, बायका काय काय लक्षात ठेवतात.

चिंतामण


२४ ऑक्टोबर २०२५

पुंजा पांडू भोये, उंबरबेट, यांस,

किशोरकडून कळलं, की तीस तारखेला खास सभा आहे आणि एकतीसला यंत्रं उतरणार आहेत. माझ्याकडून काही आलं नाही तर ठराव कायम धरतील. म्हणून हे पाठवतो. हे पत्र सभेसाठी आहे आणि यावर सही आहे.

मी, चिंतामण गायधनी, असं लिहून देतो, की ११ जून रोजी उत्तर पाड्यावर ठरावाचं वाचन करताना मी सातवं कलम वाचलं नाही. ते मला दिसलं होतं. मी जाणूनबुजून गाळलं. त्यामुळे पाड्याची संमती मिळालेली नाही आणि उपविधीप्रमाणे हा ठराव झालेला नाही.

यापुढचं तुला ठाऊक नाही. निदान, तू कधी बोलला नाहीस.

सभेची तारीख मी दिली होती. मुख्याधिकारी मला विचारत होते, अठरा घ्यावी की अकरा. अठराला तू बेटावर असणार होतास. दहाला तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर अथर्वने बघितला होता, गाडी त्याने पाठवली होती, आणि तुला आग्रह मी केला होता. “मोतीबिंदू पिकलाय, उगाच पावसाळ्यात नको, आत्ताच उरकून घे,” असं मी म्हणालो. तू माझा हात धरून जीपमधून उतरलास. दवाखान्यात तू म्हणालास, माझ्या वाटचं तूच वाच. मी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी परत येऊन मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, उद्या सभा घेऊन टाका. त्या वेळी मी स्वतःला असं समजावलं, की दगडांवरून तू सभेत उगाच आरडाओरडा करशील आणि पोराचं काम अडेल. तुझा डोळा बरा व्हावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. कुठलं आधी होतं ते आता विचारू नकोस.

अथर्वला हे पत्र वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “तुम्ही माझ्यापेक्षा त्यांची बाजू घेतलीत.” मी म्हणालो, “तिथे तुझाही आजा आहे.” त्यावर तो म्हणाला, “दगड आहे, बाबा.” तो काल सासरी गेला. कधी येईल सांगितलं नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. याचा राग मी तुझ्यावर मरेपर्यंत धरणार आहे, आणि तू तो धरू द्यावास.

माफी मी मागत नाही. पाड्याची मागेन, वहिनींची मागेन. तुझी नाही. चार महिन्यांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. जन्मभर माझ्या कोकणीला हसलास, देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर मला उघडं केलंस, आणि माझ्या बापाला तुझ्या बापाशेजारी उभा करून मला कधी सांगितलं नाहीस, की दरवर्षी तिथे भात ठेवता.

आता वाचनाचं.

पाड्यावर कोकणीतून मी वाचणार. तीस तारखेच्या सकाळच्या होडीने येतो. सुधा बरोबर आहे. माझं तोंड तुमचं नाही असं तू म्हणाला आहेस, तेव्हा होडी अडवायची असेल तर अडव. मी पाण्यात उभा राहून वाचीन. आठ कलमं नाही, एकच, सातवं. वहिनींना सांग, तांब्या भरून ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. नाही ठेवला तर कोरड्या घशाने वाचतो.

पेठेत मराठीतून वाचायचं तुझ्याकडे आहे. महादेवाच्या पायरीवर, आमच्या लोकांसमोर, हे पत्र तू वाचायचंस. तुझा डोळा आता चांगला आहे असं ऐकतो. अथर्वच्या डॉक्टरने तेवढं तरी नीट केलं. वाचताना तुझ्याच तोंडून ‘मी, चिंतामण गायधनी’ असं निघेल. सगळी पेठ ऐकेल. तुला त्यात आनंद होईल तर होऊ दे.

पण वरपासून खालपर्यंत वाच. तारखेचं वाच, डोळ्याचं वाच, अथर्वचं वाच. तुला बोललो आहे तेही वाच. दया येऊन एखादी ओळ सोडावीशी वाटली तर मान वर करून पेठेच्या तोंडाकडे बघ आणि ती ओळ वाच. हे काम कसं बिघडतं ते मी करून बघितलं आहे.

चिंतामण विनायक गायधनी
राहणार उंबरबेट